सरपंचांचं बाळंतपण

सरपंच गुरुवारी वारले, दोन्ही लेकरांसह.

हे वाक्य वाचलंच नाही असं कृपया समजावं. कारण त्याच संध्याकाळी तातेरावांनी बाजेवर पाय वर घेतले, फोन कानाला लावला आणि लेकीला सांगितलं, "सरपंच? मजेत हाय की. खाऊन राहिलाय. लेकरंबी खाऊन राहिलीत."

"लेकरं गवत खातात का आता?" पुसदवरून कोमलनं विचारलं.

"गवत काय, उद्या मला खातील ती."

कोमल हसली. तिला नववा लागला होता, त्यामुळं हसू मधेच तुटायचं आणि मग ती थोडा वेळ नुसताच श्वास घ्यायची. तो श्वास तातेराव नीट ऐकून घेत. समोर पिंजरा रिकामा होता. त्याचं दार उघडं होतं. बंद कशाला करायचं, असा साधा प्रश्न होता.

"बाबा, शिट्टी ऐकवा ना त्याची."

"आत्ताच निजला. उद्या ऐकवतो."

तर सरपंच निजलेत असं धरून आपण पुढं जाऊ.

सरपंच म्हणजे गिनी पिग. आखाडा बाळापुरात एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही. ससा म्हणावं तर लांब कान नाहीत, उंदीर म्हणावं तर शेपूट नाही आणि डुक्कर म्हणायची कुणाची हिंमत नाही, कारण नाव सरपंच. कोमल नांदेडला फार्मसी शिकत होती तेव्हा तिनं असे दोन विकत घेतले. दोन्ही नर आहेत, असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. एक नुसता खायचा आणि कुठंही पिशवी वाजली की शिट्टी मारून आपला वाटा मागायचा, तो सरपंच. दुसरा त्याच्या मागं उभा राहून मान हलवायचा, तो ग्रामसेवक.

कोमलचं लग्न झालं. सासूबाई म्हणाल्या, घरात उंदीर चालणार नाही, गणपतीचा असला तरी. त्यामुळं वरात पुसदला गेली आणि पिंजरा तातेरावांकडं राहिला.

तातेराव हळदीच्या पॉलिशवर कामाला. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालतात, मोटर तो ड्रम फिरवते, हळद हळदीवर घासून चकचकीत होते आणि वरची सगळी साल धूळ होऊन तातेरावांवर बसते. इतकी वर्षं बसते आहे की आता ती उठायचं नाव घेत नाही. कानाच्या पाळ्या पिवळ्या, पापण्या पिवळ्या, तळहात तर विचारूच नका. म्हणून अख्खं गाव त्यांना नवरदेव म्हणतं. गोजरबाई होती तेव्हा हे नाव ऐकून पदराआड हसायची. ती गेली. नाव काही गेलं नाही. तिच्या दहाव्यालासुद्धा कुणीतरी म्हणालं, "नवरदेव, पिंडाला पाणी सोडा."

अशा माणसाच्या हाती कोमलनं पिंजरा दिला आणि निघताना, शालू सावरत, एक एक गोष्ट सांगितली. गवत कायम पुढ्यात पाहिजे, कारण याचे दात जन्मभर वाढतात. ढोबळी मिरची रोज थोडी, पेरूची फोड अधूनमधून, कोथिंबीर चालते. भाकरी नाही, कांदा नाही, बटाटा नाही, गोड तर बिलकुल नाही. नखं कापायची. अंथरूण ओलं राहू द्यायचं नाही. पाहुणे ताटकळले, फोटोवाला दोनदा येऊन गेला. तातेराव मान डोलावत होते. लोकांना वाटलं, बाप रडू आवरतोय. तातेराव पाठ करत होते.

आणि पाठ केलेलं त्यांनी पाळलं. अंथरुणाला गोजरबाईच्या सुती साड्या निघाल्या. ट्रंकेत पडून होत्या. कुणाला द्यायचं मन होत नव्हतं आणि बघायचीही सोय नव्हती. तातेरावांनी त्यांचे चौकोन फाडले. रोज सकाळी जुना चौकोन काढायचा, लेंड्या झटकायच्या, नवा घालायचा आणि जुने हापशावर नेऊन धुवायचे. दारातल्या दोरीवर लहान लहान फडकी वाळत पडली की येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबत.

"नवरदेव, पाळणा हालला का काय घरात?"

"सरपंचाचं अंथरूण हाय."

"अगं बाई! सरपंचाला अजून व्हय?"

बाजाराच्या दिवशी तातेराव एकच ढोबळी मिरची मागायचे. भाजीवाली म्हणायची, एका मिरचीची कुणाची भाजी होती? सरपंचाला पाहिजे, असं कळल्यावर तिनं एकदा ती फुकट दिली. "न्या. पण म्हणावं, आमच्या गल्लीतली नाली तेवढी बांधा."

पुढं ग्रामसेवकाची बदली झाली. बदलीचा हुकूम बोक्यानं काढला आणि तो एका रात्रीत अमलात आणला. तातेरावांनी ते कोमलला तसंच सांगितलं. 

"बाबा, यांना एकटं ठेवत नसतात. एकटं राहिलं की खाणं सोडतात. मरतात बी."

"मी खाऊन राहिलो ना," तातेराव म्हणाले.

 मग कोमलनं विचारलं, मिरची दिली का, आणि तातेरावांनी सांगितलं, दिली. त्या दोघांचं असंच होतं. गोजरबाई असताना सगळं बोलणं तिच्या मार्फत चालायचं; ती गेल्यावर बाप-लेकीला एकमेकांशी बोलायला विषयच उरला नव्हता. सरपंचांनी तो दिला. रोज संध्याकाळी गवत, मिरची, नखं, अंथरूण. फोन ठेवताना तातेराव दमलेले असत, इतकं बोलणं व्हायचं.

संध्याकाळी सरपंच एकटे पडू नयेत म्हणून तातेराव त्यांना मांडीवर घेऊन बसू लागले. हात कितीही धुतले तरी हळद जायची नाही. त्यामुळं पांढऱ्याशुभ्र सरपंचांच्या दोन्ही कुशींवर दोन पिवळे पंजे उमटले ते कायमचेच. खाजा मियांनी आपल्या फोनवरून फोटो पाठवला तेव्हा कोमल म्हणाली, "बाबा, याचं लगीन लावलं का काय?"

खाजा मिया म्हणजे ड्रमची मोटर सांभाळणारे. जन्मभर शेळ्याही पाळलेल्या. एक दिवस त्यांनी सरपंचांना सहज उचललं, पोटाखाली बोटं घातली आणि ते थांबले.

"तातेराव, तुमी याला जादा खाऊ घालून राहिले म्हणत होते ना?"

"व्हय. गब्बर झालाय."

"गब्बर नाही जी. गाभण हाय."

म्हणजे पद महिलेसाठी राखीव निघालं. ग्रामसेवक जाण्याआधी काम करून गेले होते. ग्रामसेवकाच्या हातून वेळेत झालेलं हे गावातलं पहिलंच काम. तातेरावांनी तरीही 'तो' म्हणायचं काही सोडलं नाही.

इथं पुसदची गोष्ट सांगावी लागते. कोमलचं पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, ही रीत. आणि तातेरावांच्या घरात बाईमाणूस नाही. विहीणबाईंनी फोनवर स्पष्टच विचारलं होतं, "इवाई, दवाखान्यातलं दवाखान्यात होईल. पण पुढचा सव्वा महिना कोण करणार पोरीचं?"

"मी."

"तुमी?"

"तेल लावायला खाजा मियाची अजराभाबी येते म्हणली. बाकीचं मी करतो. सैपाक येतो. फडकी धुता येतात."

विहीणबाई वाईट नव्हत्या. त्या फक्त हसल्या, आणि तसं हसू कुणालाही आलं असतं. मागून कोमलचा आवाज आला, "आई, बाबा सरपंचाची नखंसुद्धा कापतात. आता तर तो गाभण हाय."

"बरं बाई," विहीणबाई म्हणाल्या. "त्या सरपंचाचं बाळंतपण नीट करून दाखवा म्हणावं. मग धाडते तुला."

त्यांनी ते गमतीत म्हटलं. तातेरावांनी ते मनावर घेतलं. ड्रमवर ते खाजा मियांना म्हणाले, "परीक्षा हाय आपली."

"आपली काहून? मी पास झालेलो हाय, मला बारा शेळ्या हायत."

सोमवारी तातेराव जेवायच्या सुट्टीत घरी आले तर पिंजऱ्यात सरपंचांशेजारी दोन लेकरं. अंगावर केस, डोळे उघडे, चालती फिरती. जणू आधीच कुठंतरी वाढवून आणून ठेवलेली. तातेराव उकिडवे बसले. त्यांनी पिशवी वाजवली. सरपंचांनी शिट्टी मारली आणि मागोमाग दोन बारीक, कच्च्या शिट्ट्या आल्या. तातेराव त्या दिवशी ड्रमवर परत गेलेच नाहीत.

"बाबा!" कोमल फोनवर ओरडली. "मी सांगते तेवढंच करा. गवत, पाणी, पेरू. बाकी काही करू नका. तिचं ती करते सगळं. ऐकलं का? काही करू नका."

मग फोन विहीणबाईंनी घेतला. "जमलं म्हणा की, इवाई! अमावस झाली की या. घेऊन जा पोरीला."

अजराभाबीनं साखर वाटली. खाजा मिया म्हणाले, नवरदेव आजोबा झाला, तेबी लेक बाळंत व्हायच्या आधीच.

पण 'काही करू नका' हे तातेरावांना फार लागलं. कोमल झाली होती तेव्हा त्यांच्या सासूबाईंनीही हेच सांगितलं होतं. तुमी काही करू नका, बाहेर बसा. ते सव्वा महिना बाहेर बसले. दाराच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढंच त्यांना बाळंतपण माहीत: खिडकी गच्च लावलेली, बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा, आणि त्या धुरात कानाला फडकं बांधून निजलेली गोजरबाई. आतून खोकल्याचा आवाज यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, अंग शेकून निघालं पाहिजे, न्हाईतर जन्माचं दुखणं. तेव्हा त्यांना आत जाऊन निखारे फुंकावेसे वाटत होते. कुणी जाऊ दिलं नाही.

आता अडवणारं कुणी नव्हतं.

त्यांनी खिडकी लावली. वारं लागू नये म्हणून सरपंचांच्या कानांवरून गोजरबाईच्या साडीची एक चिंधी बांधली. सरपंचांनी ती लगेच पायानं काढून टाकली. डिंकाच्या लाडवाचा चुरा पुढं ठेवला. सरपंचांनी तो हुंगला आणि पाठ फिरवली. बाळंतीण चिडचिडी असते, हे तातेरावांना फटीतून दिसलेलं होतं. त्यांनी मनावर घेतलं नाही. गुरुवारी सकाळी त्यांनी शेगडीत निखारे भरले, वर ओवा टाकला, पिंजरा बाजेवर ठेवून शेगडी खाली सरकवली, दार ओढून घेतलं आणि ते कामावर गेले. वर पत्रे. चैत्रातलं ऊन. सकाळभर ड्रमवर ते गुणगुणत होते.

दुपारी पेरू घेऊन घरी आले. दार उघडलं, धूर बाहेर आला. तातेरावांनी पिशवी वाजवली.

पुन्हा वाजवली.

मग पिशवीतून पेरू काढून बाजूला ठेवला, कारण पेरूच्या वजनानं पिशवी नीट वाजत नसेल, आणि नुसती पिशवी वाजवली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर एका म्हशीशी झटत होते. तातेराव टोपली घेऊन शेजारी उभे राहिले. म्हैस आटोपल्यावर डॉक्टरांनी टोपलीवरचं फडकं उचललं, हात पुसले आणि तिन्ही जीव नीट तपासले, एकेक करून. काही उपयोग नव्हता तरी तपासले.

"शेक दिला का तातेराव याला?"

"व्हय. ओव्याची धुरी बी."

"यांना घाम येत नसतो हो. गरमी सहन होत न्हाई. त्यात धूर कोंडला." डॉक्टर हळू आवाजात बोलत होते. "शेकायचं सांगितलं कुणी तुम्हाला?"

"सासूनं."

"सासू हाय अजून?"

"न्हाई. कोमलच्या येळेला सांगितलं होतं. म्हणजे मला न्हाई, आत सांगितलं होतं. मी बाहेर होतो."

डॉक्टरांनी फडकं परत नीट पांघरलं. कोपरे खोचले. बिल केलं नाही.

पेरूचं झाड दारामागंच होतं, अजून न फळलेलं. खाजा मियांनी खड्डा खणला. पांढऱ्या अंगावरचे पिवळे पंजे तसेच होते, आत्ताच कुणी उचलून ठेवल्यासारखे. तातेरावांनी साडीचा शेवटचा, न फाडलेला पदर घातला.

"कोमलला काय सांगणार?"

"काही न्हाई. नववा हाय तिला."

खाजा मियांनी माती लोटली. हात झटकून ते म्हणाले, "मंग शिट्टीचं काय करणार? ती ऐकल्याबिगर फोन ठेवत न्हाई."

शुक्रवारी दिवसभर हळद पॉलिशवर शिट्टीची तालीम चालली. तातेराव ड्रमच्या आडोशाला जाऊन मारायचे, खाजा मिया मोटर बंद करून ऐकायचे. हळद घेऊन आलेले शेतकरी एकमेकांकडं बघायचे. नवरदेव या वयात शिट्ट्या मारून राहिला, म्हणून कुणीतरी खोकलं.

"ही कंडक्टरची झाली," खाजा मिया म्हणाले.

तातेरावांनी पुन्हा मारली.

"ही कुकरची. दाळ शिजली."

पुन्हा.

"आवाज बराबर हाय. पण पोट भरल्यावानी हाय. सरपंच कसा मारायचा? जन्मात खाल्लं न्हाई असा. भुकेली मारा."

तातेरावांनी गुरुवारपासून डबा उघडलेला नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि मारली.  खाजा मियांनी मोटर चालू केली.

संध्याकाळी फोन आला. तातेरावांनी सगळी उत्तरं दिली. गवत टाकलं. मिरची दिली. अंथरूण बदललं. मग कोमल म्हणाली, "आता शिट्टी." तातेरावांनी फोन थोडा लांब धरला, पिशवी वाजवली आणि शिट्टी मारली. भुकेली.

पलीकडून काही आलं नाही. हसू नाही, श्वासही नाही.

"ऐकली का?" तातेरावांनी विचारलं.

"ऐकली."

"आज जरा घसा बसलाय त्याचा."

"हो," कोमल म्हणाली. "लेकरं नाही ओरडली मागून."

"निजलीत."

"बरं."

फोनमध्ये तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. तातेरावांनी आपल्या हातांकडं पाहिलं. मग ते बोलायला लागले आणि ठरवलेलं सगळं एका दमात बोलून गेले.

"कोमल, मी काय म्हणतो, अमावस झाल्यावर मी येत न्हाई. तू तिथंच राहा. तुझ्या सासूबाई बराबर करतील. इथं गरमी लई हाय. पत्रे तापतात. मला न्हाई जमत गं ते."

"काहून बाबा? इतके दिवस तुम्हीच तर..."

"फटीतून बघितलेलं हाय सगळं. फटीतून बघून येत नसते."

याचा अर्थ कोमलला कळण्याचं काही कारण नव्हतं. पण तिनं विचारलं नाही. ती रडते आहे का, हे तातेरावांनी कान देऊन ऐकलं. पंख्यामुळं नक्की कळेना.

"बाबा, सरपंचाला एक निरोप सांगा."

"सांगतो."

"उद्या न्हाई. आत्ता. मी ऐकते. त्याला म्हणावं, येळेवर जेवत जा."

तातेराव उठले. पिंजऱ्यापुढं उकिडवे बसले. दार अजून उघडंच होतं. "येळेवर जेवत जा रे," ते आत बघून म्हणाले.

"म्हणावं, पोरीला काळजी वाटते."

"पोरीला काळजी वाटते म्हणते बरं."

"काय म्हणला?"

"व्हय म्हणला."

"मग ताट घ्या वाढून. त्याच्यासमोर बसून जेवा. एकटा असला की खात नाही तो."

फोन ठेवल्यावर तातेरावांनी भाकरी घेतली. पिंजऱ्याकडं तोंड करून अर्धी खाल्ली.

शनिवारी सकाळी हापशावर बायकांनी पाहिलं, नवरदेव फडकी धूत होते. ती धुतलेलीच होती, पण ते धूत होते. साबण लावून, आपटून, पिळून, एकेक झटकून त्यांनी सगळी दोरीवर घातली, एका बाईच्या साड्यांचे किती तरी चौकोन. प्रत्येकावर, जिथं धरलं होतं तिथं, पुसट पिवळा अंगठा.

"काय हो, लेकरं बरी हायत का सरपंचाची?"

"मोठी होऊन राहिलीत," तातेराव म्हणाले आणि कामावर गेले.

तरी, वरील वस्तुस्थिती विचारात घेऊन सक्षम अधिकाऱ्यांना, ते ज्या कोणत्या खात्यात बसत असतील तेथे, विनंती करण्यात येते की, मौजे आखाडा बाळापूर येथील सरपंच व त्यांची दोन अपत्ये यांचा गुरुवारचा मृत्यू, अर्जदाराची कन्या सुखरूप बाळंत होऊन लेकरासह एकदा माहेरी येऊन जाईपर्यंत, तात्पुरता स्थगित ठेवण्यात यावा. आणि तोपर्यंत सदर पिंजऱ्यापुढे पिशवी वाजवली असता आतून शिट्टी येईल, अशी व्यवस्था करण्याबाबत संबंधितांस योग्य ते आदेश व्हावेत.